आजीचे चिंचोके आणि न पडणारा अष्टा

आमच्याकडं म्हणजे आर्वीच्या बाजूला उन्हाळ्यात रात्रीची जेवणं झाली की अंगणात अष्टचंग मांडल्या जाते. पट म्हणजे फरशीवर खडूनं काढलेली 25 घरं, सोंगट्या म्हणून कोणाची सरकी, कोणाचे तुरीचे दाणे, कोणाचे बांगडीचे तुकडे, आणि फासे म्हणजे आजीनं दगडावर घासून एका बाजूनं पांढरे केलेले चार चिंचोके. दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा आमचा काका सोंगटी मेली की सहावीतल्या पुतणीशी असा भांडते का विचारू नका.

आता हिशोब पाहा. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही पांढरे म्हणजे चंग (4), एकही नाही म्हणजे अष्टा (8), आणि या दोन्हीवर पुन्हा डाव भेटते. चिंचोका नाण्यासारखा सरळ वागला तर चौघांचे मिळून 16 प्रकार होतात, त्यातले 6 प्रकार दोनचे, एकचे 4, तीनचे 4, आणि चंग-अष्ट्याच्या वाट्याला फक्त एक-एक. म्हणून ते मेलं दोनच पडत राहते, कोणी नजर बिजर लावलेली नसते.

पण चिंचोका काही नाणं नाही. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, घासणाऱ्यानं कमी घासला का जास्त त्यावर त्याचा स्वभाव ठरते. समजा पांढरी बाजू 10 पैकी 6 वेळा वर येते, इतकाच फरक, तर चंग 100 डावांत साधारण 13 वेळा पडन आणि अष्टा जेमतेम अडीच वेळा! चारदा गुणाकार होते ना, म्हणून एवढासा कल असा फुगून बाहेर येते. आजी नवीन चिंचोके आले की आधी दहा-बारा वेळा नुसतेच टाकून पाहते आणि एखादा बाजूला काढते, "हा नाही चालत". शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली.

काकाचं म्हणणं वेगळं, "इतक्या वेळचा अष्टा पडला नाही, आता पडतेच". मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 ला रूलेटवर (फिरत्या चाकावरचा लाल-काळ्याचा जुगार) सलग 26 वेळा काळा रंग आला, आणि लोक दरवेळी "आता तरी लालच" म्हणत पैसे लावत गेले आणि बुडाले. मागची उधारी आजी लक्षात ठेवते, चिंचोका नाही ठेवत.

आणि हे गणित आपल्या भागाला नवीन नाही बरं का. महाभारतात नळ-दमयंतीची गोष्ट आहे, त्यात राजा ऋतुपर्ण विदर्भातल्या कुंडिनपुराला निघते (आमच्याकडं लोक त्यालाच वर्धा नदीवरचं कौंडण्यपूर मानतात), वाटेत बेहड्याच्या झाडाकडं नुसतं पाहून दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत असं सांगते, नळ रथ थांबवून मोजते तर आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देते. न मोजता नुसतं पाहून अंदाज काढणं आणि फासे, दोन्ही एकाच माणसाजवळ, आणि तेही बेहड्याखाली, कारण जुन्या काळी जुगाराला बेहड्याचीच फळं वापरत. मला हे वाचून लय भारी वाटलं होतं.

राहिलं काकाचं भांडण. सोंगटी घरात शिरता शिरता मेली की जे लागते ते दुसऱ्याची मारल्याच्या आनंदापेक्षा जास्त लागते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी हे 1979 मध्ये मांडलं आणि 1992 च्या पेपरात अंदाज दिला की तोट्याचं वजन तितक्याच फायद्याच्या सव्वादोन पट असते. ते पैशाबद्दल होतं, सरकीबद्दल नाही, पण काकाचं तोंड पाहिलं की मला तेच आठवते.

परवा मी वही घेऊन बसलो, एकच चिंचोका शंभर वेळा टाकायचा आणि पांढरा किती वेळा येते ते लिहायचं. विसाव्या वेळेला आजी ओरडली, "काहून मोजून राह्यला रे, टाक ना, तुह्याच्यानं सगळे थांबले!"