गीझरचं पाणी वेगळं, तापवलेलं पाणी वेगळं

डिसेंबर आला, पुण्या-नाशिकला सकाळी नळाखाली हात धरवेना, की मासे पाळणाऱ्यांत दरवर्षीचा सल्ला फिरू लागतो: पाणी बदलताना थोडं गरम पाणी मिसळा. सल्ला अर्धाच आहे. ते गरम पाणी कुठलं घ्यायचं, हे कोणी सांगत नाही आणि घोळ तिथेच होतो. कोणी बाथरूमच्या गरम नळाखाली बादली लावतं, कोणी गार नळाचं पाणी पातेल्यात घेऊन गॅसवर ठेवतं. दोन्ही पाणी दिसायला सारखं, हाताला सारखं. टँकमधल्या जिवांना मात्र ते सारखं नाही.

तापमानाचं गणित बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते पटकन उरकतो. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल यांना २४ ते २८ अंश लागतात. १०० लिटरचा टँक २६ अंशांवर आहे आणि त्यात १८ अंशांचं २० लिटर पाणी गेलं, तर टँक २४.४ अंशांवर येतो. सावकाश ओतलं तर धडधाकट मासा एवढं सोसतो. अर्धा टँक बदललात तर तो २२ वर येतो, आणि असा गारठा बसलेल्या माशांवर मग पांढरे ठिपके उठतात. गोल्डफिश असेल तर त्याला गारवा चालतो, त्याच्यासाठी ही धावपळ नको.

क्लोरीनचंही तसंच. पाणी गार असो वा गरम, महापालिकेचं असेल तर क्लोरीन काढायलाच हवं. उघड्या पातेल्यात पाणी उकळलं की क्लोरीन उडून जातो, हे खरं. त्यावरून गीझरच्या पाण्यातलाही गेला असं धरून चालणारे बरेच आहेत. गीझर बंद असतो, त्यातून क्लोरीन उडून जाणार कुठे? आणि बादलीत गरम पाणी असतं दोन-चार लिटर, बाकीचं गारच. तेव्हा अँटी-क्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, पूर्ण बादलीच्या हिशेबाने टाका.

आता मुद्द्याचं. गरम नळाच्या पाण्याचा खरा प्रश्न आहे तांबं.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. काहींनी अमेरिकेतल्या लोकांचे इशारे वाचलेले असतात. तिकडे घराघरांत तांब्याचे पाइप असतात, म्हणून गरम नळ टाळा असं तिकडे सांगतात. तेच वाचून इथले काही जण घाबरतात. बाकीचे म्हणतात, आपल्याकडे पाइप जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) नाहीतर सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे), मग तांबं येणार कुठून? तांबं येतं गीझरमधून. पाणी ज्यात तापलं आणि त्याआधी रात्रभर ज्यात उभं राहिलं, तो धातू कोणता हे बघायला हवं. पाइप प्लॅस्टिकचा असला म्हणून या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही.

गॅस गीझरपासून सुरुवात करू. त्यात पाणी तांब्याच्या कॉइलमधून जातं, बर्नरची आच त्या कॉइलला लागते. रात्री आंघोळी आटोपल्यावर थोडं पाणी कॉइलमध्ये अडकून राहतं आणि सकाळपर्यंत तांब्याला लागून उभं असतं. सकाळी गरम नळ सोडल्यावर सगळ्यात आधी तेच बादलीत पडतं. नळ मिनिट-दोन मिनिटं वाहू दिला तर हा भाग निघून जातो; पुढचं पाणी कॉइलमधून इतक्या झटकन पळतं की त्यात तांबं फारसं उतरत नाही. दुसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. नवा गीझर जुन्यापेक्षा जास्त तांबं सोडतो, कारण कॉइलला आतून अजून थर बसलेला नसतो. डिस्केलिंगचंही, म्हणजे क्षारांचा थर काढण्याचंही, तसंच: मेकॅनिक ॲसिडने कॉइल साफ करून गेला की आतलं तांबं पुन्हा उघडं पडतं. गीझर नुकताच साफ झाला असेल, तर पुढचे काही आठवडे ते पाणी टँकला नको.

विजेच्या साठवणीच्या गीझरची टाकी बहुधा पोलादाची असते, आतून काचेसारखा लेप किंवा प्लॅस्टिकचं अस्तर. तिथे धोका बराच कमी. पण आतल्या एलिमेंटवर अनेकदा तांब्याचंच कवच असतं आणि जुन्या गीझरांच्या टाक्याही तांब्याच्या असायच्या. गच्चीवरच्या सोलरमध्ये सपाट पॅनेल असेल तर आतल्या नळ्या तांब्याच्या, काचेच्या नळ्यांचा असेल तर पाणी काचेत तापतं. बादलीत सोडायच्या हीटिंग रॉडची नळीही बऱ्याचदा तांब्याची असते, वर मुलामा चढवलेली. तो झिजून आतला लालसर रंग दिसू लागला की त्या रॉडने टँकचं पाणी तापवू नका. आणि आजोळच्या वाड्यात अजून तांब्याचा बंब पेटत असेल, तर त्याचं पाणी अंगावर घ्यावं, माशांना देऊ नये.

किती तांबं म्हणजे जास्त? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांब्याचंच औषध देतात. त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आणि तेवढ्यानेच त्या टँकमधले श्रिंप (छोट्या कोळंब्या), शंख, प्रवाळ मरतात. म्हणजे माणसाने पिण्यासाठी मानकाप्रमाणे चालणारं पाणी टँकमधल्या छोट्या लाल चेरी श्रिंपसाठी विष असू शकतं. "आम्ही तांब्याच्या तांब्यातलं पाणी रोज पितो, आम्हाला काय झालं?" हा युक्तिवाद मला अजिबात ऐकवत नाही. माणूस पाणी पोटात घेतो, तांबं यकृत सांभाळतं. माशाच्या कल्ल्यांवरून तेच पाणी दिवसरात्र वाहतं आणि तांबं थेट कल्ल्यांवर बसून त्याच्या अंगातल्या क्षारांचा तोल बिघडवतं. श्रिंपच्या रक्तात तांबं असतंच, म्हणून त्यांना ते चालतं, हेही चूक. गरजेपुरतं लागणं वेगळं आणि पाण्यातून लादलं जाणं वेगळं. पाणी जितकं मऊ तितका हा मारा जास्त. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ आहे, तेव्हा तिथल्या श्रिंपवाल्यांनी आणखी जपावं. थंडी कमी असल्याने तिथे गरम पाण्याची गरजही क्वचितच पडते.

इथे अँटी-क्लोरीनवरचा आंधळा विश्वास नडतो. दुकानात मिळणारं साधं अँटी-क्लोरीन, खडे असोत की द्रावण, बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं, ज्याला जुने लोक हायपो म्हणतात. क्लोरीन मारण्यात ते पटाईत. तांब्यावर त्याचा भरवसा धरू नये. बाटलीवर जड धातू बांधून ठेवतं असं स्पष्ट छापलेलं असेल तर गोष्ट वेगळी. टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) बुडवून "आकडा तेवढाच आला, म्हणजे पाणी तेच" म्हणणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो: मीटर शेकड्यांत आकडे दाखवतो, आपण बोलतोय लिटरला एक मिलिग्रॅमच्या दशांशाबद्दल. ते त्याला दिसत नाही. तांब्यासाठी तांब्याचीच टेस्ट किट लागते.

टीडीएस मीटरचा उपयोग आहे, पण दुसऱ्या कामाला. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत स्वयंपाकघरात महापालिकेचं पाणी आणि बाथरूमला बोअरचं किंवा टँकरचं, अशी सोय असते. सोलरची लाइनही कधी वेगळ्याच टाकीवरून येते. अशा घरात गरम नळ आणि गार नळ ही दोन वेगळी पाणी आहेत. आपल्या बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी जड, धरणाचं त्यामानाने मऊ. दोन्ही नळांखाली मीटर धरा, आकड्यांत मोठा फरक आला तर गरम नळाचा विचार सोडा.

गीझरचं पाणी कधी दुधासारखं पांढरं येतं. तो विरघळलेला वायू. गार पाण्यात जास्त वायू मावतो, बंद गीझरमध्ये दाबाखाली तापल्यावर तो आतच राहतो आणि नळाबाहेर बुडबुड्यांनी सुटतो. तसंच पाणी भरपूर ओतलं तर माशांच्या परांवर आणि कल्ल्यांत बुडबुडे धरू शकतात. बादलीत अर्धा तास एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा दगड) सोडला की प्रश्न मिटतो.

आता माझी पद्धत, आणि मी तिच्यावर ठाम आहे. स्टीलच्या पातेल्यात, पिण्याच्याच नळाचं, दोन लिटर पाणी उकळायचं. १८ अंशांच्या १८ लिटर गार पाण्यात ते मिसळलं की २० लिटर पाणी साधारण २६ अंशांवर येतं. गीझरचं ५५ अंशांचं पाणी घेतलं तर त्याच कामाला चार लिटरहून थोडं जास्त लागतं. दोन लिटर उकळायला दहा-पंधरा मिनिटं. एवढ्यासाठी गीझरच्या कॉइलची चौकशी करत बसायची गरज नाही. अँटी-क्लोरीन टाकायचं, ढवळायचं, थर्मामीटर लावायचा आणि मगच ओतायचं. हाताने अंदाज घेऊ नका. गार सकाळी २२ अंशांचं पाणीही हाताला कोमट लागतं. रॉडने तापवत असाल तर थर्मामीटर किंवा हात बुडवण्याआधी प्लग काढून ठेवा.

पाच-सहा बादल्या लागणारा मोठा टँक आहे, त्यात फक्त मासे आहेत आणि घरी पोलादी टाकीचा गीझर आहे, तर गरम नळ वापरा. आंघोळी झाल्यानंतर, पाणी थोडं वाहून गेल्यावर, वर सांगितलेलं पाहून. श्रिंप किंवा गोगलगायी असलेल्या टँकला ही सवलत नाही. तिथे पातेलंच, नाहीतर एका वेळी १० टक्केच पाणी बदला आणि ते क्लोरीन काढलेलं गार पाणी बारीक नळीने हळूहळू सोडा. २६ चा टँक तेवढ्याने २५.२ वर येईल आणि हीटर तेवढं भरून काढेल.