आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी? ब्रिटिश हॉलिडे कॅम्पांची पार्श्वभूमी

हॉलिडे कॅम्प म्हणजे राहणं, जेवण आणि करमणूक एकत्र मिळणारी सुट्टीची छावणी. तिची मुळं जुनी आहेत. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर डग्लसला १८९४ मध्येच फक्त पुरुषांसाठी तंबूंची छावणी होती. इंग्लंडच्या नॉरफकमधल्या कॅस्टरला १९०६ साली समाजवाद्यांनी तंबू ठोकले. पण हॉलिडे कॅम्प म्हटल्यावर ज्या रांगेतल्या चिमुकल्या खोल्या आठवतात, त्या १९३६ च्या ईस्टरला समुद्रकाठच्या स्केग्नेसला सुरू झालेल्या बिली बटलिनच्या कॅम्पच्या. त्याआधी समुद्रावर जायचं म्हणजे बोर्डिंग हाउस. नाश्ता झाला की मालकीण पाहुण्यांना बाहेर काढणार आणि पाऊस लागला तर पोरंबाळं घेऊन आडोसा शोधत फिरायचं. कॅम्पात मात्र तीन वेळचं जेवण आणि करमणूक, दोन्ही एकाच पैशात.

बटलिनची जाहिरात होती, ‘आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी’. इथं जरा थांबायला हवं. दर होता हंगामाप्रमाणे आठवड्याला ३५ शिलिंगांपासून ३ पौंडांपर्यंत (तेव्हा २० शिलिंगांचा एक पौंड), आणि तोही माणशी! बायकामुलांसह निघालेल्या मजुराचा हिशेब एका पगारात बसणं कठीणच होतं. सुरुवातीच्या गर्दीत कारकून आणि दुकानातले नोकरच जास्त दिसतात, ते उगीच नाही.

दुसरा घोळ १९३८ च्या पगारी सुट्टीच्या कायद्याचा. या कायद्यानं सगळ्यांना सुट्टी मिळाली, असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात ज्या धंद्यांत वेतन ठरवणारी मंडळं होती, त्या मंडळांना पगारी सुट्टी देण्याची फक्त मुभा मिळाली. सक्ती नव्हतीच. सरकारी समितीनं सक्तीचा कायदा १९४०-४१ वर ढकलला होता, आणि तोवर युद्ध पेटलं. सुट्टी खरी पदरात पडली ती बरीचशी कामगार संघटनांनी मालकांशी केलेल्या करारांतून. लँकेशरच्या कापडगिरण्या तर कितीतरी आधीपासून वर्षातून आठवडाभर बंद राहत, पण बिनपगारी. त्यासाठी कामगार वर्षभर भिशीसारखे पैसे साठवत.

युद्धात स्केग्नेसच्या खोल्यांत नौदलाचे रिक्रूट राहिले. सामान्य कामगारांची झुंबड उडाली ती युद्धानंतर. सकाळी लाउडस्पीकरवरून हाक, गुडघ्यांच्या कुरूपपणाची स्पर्धा, लाल कोटातले हसरे कर्मचारी. मग बटलिनचे आणखी कॅम्प निघाले: बॉग्नर (१९६०), माइनहेड (१९६२), बॅरी (१९६६). तोवर विमानानं स्पेनला नेणाऱ्या पॅकेज टूर स्वस्त होऊ लागल्या होत्या. तिकडे ऊन हमखास. १९८३ मध्ये बटलिनचे क्लॅक्टन आणि फाइलीचे कॅम्प बंद झाले. स्केग्नेस चालू आहे. तिथल्या १९३६ च्या खोल्यांपैकी एक आता संरक्षित वास्तू आहे.