पीडीएफ छापणे आणि पीडीएफ निर्यात करणे : एक्सेल मॅक्रोतील दोन वेगळ्या आज्ञा

एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काची बिले एक्सेलमध्ये तयार होतात, असे समजू. ‘सभासद’ या शीटवर ७२ सदनिकांची माहिती आहे आणि ‘बिल’ या शीटवर बिलाचा नमुना. नमुन्यातल्या एका सेलमध्ये सदनिकेचा क्रमांक भरला की सभासदाचे नाव, मागील थकबाकी, व्याज आणि एकूण रक्कम सूत्रांमुळे आपोआप दिसू लागते. आता प्रत्येक सभासदाला त्याचे बिल ईमेलने पाठवायचे, तर ७२ वेगळ्या पीडीएफ फाइली हव्यात. हे काम मॅक्रोकडे, म्हणजे एक्सेलला ओळीने आज्ञा देणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, सोपवायचे ठरले की शोधाशोधीत दोन आज्ञा हाताशी येतात : एक छपाईची ‘प्रिंटआउट’ आणि दुसरी निर्यातीची ‘एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅट’. दोन्हींतून निघालेली फाइल उघडून पाहिली तर सहसा डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि म्हणूनच अनेक जण हाती लागेल ती ओळ उचलतात. माझ्या मते ही निवड आधी विचार करून करायला हवी, कारण फाइल दिसायला सारखी असली तरी ती तयार कोण करते आणि कधी करते, हे दोन्हींत पूर्णपणे वेगळे आहे.

गोंधळाचे मूळ इतिहासात आहे. एक्सेल २००७च्या आधी एक्सेलला स्वतःहून पीडीएफ लिहिता येत नव्हती. त्या काळात संगणकावर एक आभासी प्रिंटर बसवत आणि ‘छापा’ असे सांगितले की कागदाऐवजी फाइल बाहेर पडत असे. २००७ मध्ये निर्यातीची आज्ञा आली, तीही सुरुवातीला वेगळे पूरक सॉफ्टवेअर बसवल्यावरच पीडीएफ देत असे. २०१० पासून ती सोय एक्सेलमध्येच आहे. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० सोबत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा आभासी प्रिंटर प्रत्येक संगणकावर आयता आला आणि जुनी सवय पुन्हा पक्की झाली. त्यामुळे जुन्या मॅक्रोंमध्ये छपाईची वाट दिसते, नव्यांत निर्यातीची, आणि काहींत तर दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या.

निर्यातीच्या आज्ञेत एक्सेल स्वतः पीडीएफ लिहिते. फाइल पूर्ण लिहून झाल्याशिवाय मॅक्रो पुढच्या ओळीवर जात नाही, आणि काही बिघडले तर तिथेच थांबून चूक दाखवते. ‘प्रिंटआउट’मध्ये मात्र एक्सेल काम विंडोजच्या छपाईच्या रांगेत ठेवते आणि लगेच मोकळे होते. फाइल नंतर, त्या रांगेतून, प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर, तयार करतो. मॅक्रोची पुढची ओळ ‘ही फाइल ईमेलला जोड’ अशी असेल, तर त्या क्षणी फाइल अजून आलेलीच नसते किंवा अर्धवट असते. एखाद्या संगणकावर हे मॅक्रो महिनोन्महिने सुरळीत चालते आणि रांगेत दुसरे काम असलेल्या एखाद्या दिवशी अचानक अडते. अशी चूक शोधणे सर्वांत कठीण, कारण कोडमध्ये बोट ठेवावे असे काहीच सापडत नाही. ईमेलच्या ओळीआधी पाच सेकंद थांबण्याची ओळ घालणे हा उपाय मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. तो उपाय नव्हे, अंदाज आहे.

छपाईच्या वाटेवर प्रिंटरच्या नावाचाही त्रास आहे. एक्सेलला केवळ ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ एवढे सांगून भागत नाही. सक्रिय प्रिंटर बदलताना नावामागे ‘ऑन एनई०१’ यासारखा पोर्टचा क्रमांकही जोडावा लागतो. हा क्रमांक प्रत्येक संगणकावर वेगळा असू शकतो. खजिनदाराच्या लॅपटॉपवर चालणारे मॅक्रो सचिवांच्या संगणकावर त्याच ओळीपाशी थांबते, ते बहुतेकदा एवढ्याशा दोन अंकांमुळे. शिवाय मॅक्रो संपल्यावर एक्सेलचा सक्रिय प्रिंटर तोच राहतो आणि नंतर कुणी साधी पावती छापायला गेले तर कागद न येता फाइलचे नाव विचारणारी चौकट उघडते. म्हणून प्रिंटर बदलण्याआधी जुन्याचे नाव जपून ठेवणे आणि शेवटी ते परत लावणे अत्यावश्यक ठरते. निर्यातीत यापैकी काहीच करावे लागत नाही.

फाइलचे नाव देण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. ‘प्रिंटआउट’ला नुसते आभासी प्रिंटरचे नाव दिले तर दर बिलामागे एक, अशा ७२ चौकटी उघडतील. त्या टाळण्यासाठी ‘प्रिंटटूफाइल’ हा पर्याय चालू करून फाइलचे नाव सोबत देता येते. परंतु हा पर्याय ‘प्रिंटरकडे जाणारी माहिती जशीच्या तशी फाइलमध्ये उतरव’ असे सांगतो; ‘पीडीएफ कर’ असे तो सांगत नाही. त्या वेळी सक्रिय प्रिंटर जर खरा लेझर प्रिंटर असेल, तर फाइलमध्ये त्या प्रिंटरची भाषा उतरते आणि नावाच्या शेवटी पीडीएफ लिहिले असले तरी ती उघडत नाही. अशी फाइल हाती आली तर ती नोटपॅडमध्ये उघडावी आणि पहिली ओळ पाहावी. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याचे चिन्ह, लगेच पीडीएफ ही तीन रोमन अक्षरे, एक छोटी आडवी रेघ आणि आवृत्तीचा आकडा, अशी होते. ती दिसली नाही, तर पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

फाइलच्या आत काय उरते, इथेही निर्यात सरस आहे. शीटवर घातलेले दुवे निर्यातीत जिवंत राहतात. बिलावर ऑनलाइन भरण्याचा दुवा असेल तर सभासद त्यावर थेट बोट ठेवू शकतो. छपाईत त्याच दुव्याची फक्त निळी अधोरेखित अक्षरे उरतात. दृष्टिहीन वाचकांच्या स्क्रीन रीडरला उपयोगी पडणारी मजकुराची रचनाही छपाईच्या वाटेने हरवते. एका बाबतीत निर्यातीतच काळजी घ्यावी लागते : वर्कबुकच्या गुणधर्मांत असलेले लेखकाचे नाव आणि शीर्षक फाइलसोबत बाहेर जाऊ शकते. ते नको असेल तर गुणधर्म समाविष्ट करण्याचा पर्याय मॅक्रोमध्ये स्पष्टपणे बंद करावा. पीडीएफला पासवर्ड लावण्याची सोय मात्र या आज्ञेत नाही.

दोन्ही वाटा जिथे एक होतात ती जागा म्हणजे पानाची मांडणी. छपाईचे क्षेत्र, समास, आडवे-उभे पान, पानतोड, वर पुन्हा येणारी शीर्षकाची ओळ हे सारे दोघेही ‘पेजसेटअप’मधूनच घेतात. त्यामुळे छपाईत शेवटचा स्तंभ दुसऱ्या पानावर जात असेल तर निर्यातीतही जाईल. उपाय एकच : झूम बंद करून रुंदीला एक पान आणि उंचीला कितीही पाने, असे ठरवणे. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पानाचा हिशेब करण्यासाठी एक्सेल प्रिंटरच्या ड्रायव्हरचा आधार घेते. म्हणून एकाच वर्कबुकची पानतोड दोन संगणकांवर किंचित वेगळी पडू शकते, मग आज्ञा कोणतीही असो.

येथे ‘पान’ आणि ‘शीट’ या शब्दांची गल्लतही दूर करायला हवी. दोन्ही आज्ञांत ‘कुठून’ आणि ‘कुठपर्यंत’ असे दोन आकडे देता येतात, आणि ते छापील पानांचे असतात. कुठून २, कुठपर्यंत ३ असे लिहिले म्हणजे दुसरी आणि तिसरी शीट नव्हे, तर छपाईत पडलेले दुसरे आणि तिसरे पान. शीट निवडायच्या असतील तर त्या नावाने निवडाव्या लागतात.

अनेक शीट एका फाइलमध्ये हव्या असतील तेव्हा मात्र लिहिण्याची सोय ‘प्रिंटआउट’कडे आहे. शीटच्या नावांची यादी देऊन त्या गटावर ती थेट चालवता येते. निर्यातीची आज्ञा असा गट स्वीकारत नाही; ती एका शीटवर किंवा संपूर्ण वर्कबुकवर चालते. म्हणून आधी हव्या त्या शीट एकत्र निवडायच्या आणि मग सक्रिय शीटवर निर्यात चालवायची, म्हणजे निवडलेल्या सगळ्या शीट एकाच फाइलमध्ये येतात. लपवलेली शीट निवडता येत नाही आणि तिथे १००४ क्रमांकाची चूक येते, हे ध्यानात ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर एकच शीट पुन्हा निवडून गट मोडावा. तो तसाच राहिला आणि कुणी एका शीटवर रक्कम लिहिली, तर ती निवडलेल्या प्रत्येक शीटच्या त्याच सेलमध्ये उमटते. ताळेबंद आणि जमाखर्च असे एका क्षणात बिघडतात, आणि पडद्यावर एकच शीट दिसत असल्याने ते कळतही नाही. उलट छपाईचीही एक अडचण आहे : गटातील शीटच्या मांडणीत छपाईचा दर्जा वेगवेगळा ठेवलेला असेल, तर एकाच कामाचे तुकडे होऊन वेगळ्या फाइली निघू शकतात.

मराठीत काम करणाऱ्यांना खरी ठेच लागते ती फाइलच्या नावाशी. मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे सामावणारी संकेतपद्धती, चालत नाही. सर्वसाधारण विंडोजवर तिथे अवतरणचिन्हांत ‘बिल’ असे टंकले की प्रश्नचिन्हे दिसू लागतात, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला मान्य नसल्याने निर्यात १००४ देऊन थांबते. चूक फोल्डरमध्ये असेल असे समजून माणूस तासभर फोल्डर तपासत बसतो. मार्ग सोपा आहे : मराठी नाव कोडमध्ये न लिहिता शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये लिहावे आणि मॅक्रोने ते तिथून उचलावे. सेलमधला मजकूर युनिकोड असल्याने तो निर्यातीपर्यंत शाबूत पोहोचतो. कोडमध्येच हवे असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ या फलनाने २३४८, २३६७ आणि २३५४ हे आकडे जोडले की ‘ब’, वेलांटी आणि ‘ल’ मिळून ‘बिल’ हा शब्द तयार होतो. फाइल आधीपासून आहे का, हे ‘डीआयआर’ या फलनाने तपासू नये, कारण तेही देवनागरी नावांपुढे निरुपयोगी ठरते, त्यासाठी ‘फाइलसिस्टमऑब्जेक्ट’ वापरावे.

सदनिकेच्या क्रमांकाचेही तसेच. आपल्याकडे ‘बी/३०४’ असा क्रमांक लिहिण्याची रीत आहे, पण त्यातली तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. ती आडव्या रेघेने बदलून मगच नाव तयार करावे. आदल्या महिन्याची त्याच नावाची फाइल एखाद्या पीडीएफ वाचकात उघडी राहिली असेल, तरीही निर्यात अडते. म्हणून नावात महिना आणि वर्ष घालावे.

आणि ७२ बिलांच्या फेऱ्यात एक ओळ विसरू नये : क्रमांक बदलल्यावर आणि फाइल काढण्याआधी शीटची पुनर्गणना. वर्कबुकची गणना हाताने करण्यावर ठेवलेली असेल, तर नाव ७२ सदनिकांचे आणि आतले बिल मात्र पहिल्या सभासदाचे, अशा फाइली निघतात. ही चूक दोन्ही आज्ञांत सारखीच घडते आणि कुठलीही आज्ञा ती दाखवत नाही, म्हणून पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन फाइली उघडून पाहिल्याशिवाय ईमेल पाठवू नयेत.

‘प्रिंटआउट’ला मी टाकाऊ मानत नाही. सूचनाफलकावर लावायची थकबाकीदारांची यादी, ईमेल न वापरणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची बिले, लेखापरीक्षकांसाठी दोन प्रती, या कामांना प्रतींची संख्या आणि प्रतवार लावणी सांगता येणारी तीच आज्ञा योग्य आहे. जुन्या मॅक्रोत ती पीडीएफसाठी वापरलेली आढळली, तर ती ओळ काढून निर्यातीची घालावी, आणि तिच्यासोबत आलेल्या प्रिंटर बदलण्याच्या व सेकंद मोजून थांबण्याच्या ओळीही काढून टाकाव्यात.