निप्सी हसल: गाडीच्या डिकीपासून हक्काच्या जागेपर्यंत

तमाशाच्या फडात हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतात. ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात. उचल हातात पडते तेव्हा घरात चूल पेटते, पण ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्या नव्या गायकाशी करार करताना जी रक्कम देतात, तिला आपला शब्द लावायचा तर हाच लावावा लागेल. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओचा खर्च असं बरंच काही गायकाच्या खात्यावर लिहिलं जातं आणि ते वळतं झाल्याशिवाय त्याच्या हाती रॉयल्टी पडत नाही. सगळं फिटलं तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला त्या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, बहुतेक वेळा कंपनीच्याच मालकीचं राहतं. कर्ज फिटलं, तरी सातबारा सावकाराच्या नावावर.

निप्सी हसल या अमेरिकी रॅपरचं नाव आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्या खुनाच्या बातमीत. 31 मार्च 2019 रोजी लॉस एंजेलिसमध्ये, स्वतःच्या कपड्यांच्या दुकानासमोर त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय 33. त्या बातमीखाली त्याची आधीची सगळी धडपड झाकली गेली, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हा सातबारा स्वतःच्या नावावर कसा करायचा, याच एका प्रश्नामागे तो पंधरा वर्षं लागला होता.

त्याचं खरं नाव अर्मियास जोसेफ अस्गडोम. जन्म 15 ऑगस्ट 1985, लॉस एंजेलिस. वडील दावित अस्गडोम हे पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियातून, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात अमेरिकेत आलेले. आई अँजेलिक स्मिथ आफ्रिकी-अमेरिकी. थोरला भाऊ सॅमिएल, धाकटी बहीण समँथा. आईवडील वेगळे झाले आणि मुलं शहराच्या दक्षिण भागात, क्रेनशॉच्या आसपास, आई आणि आजीच्या छायेत वाढली.

हा भाग मुळात कष्टकऱ्यांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना इथल्या टायर, मोटार आणि पोलाद कारखान्यांनी रोजगार दिला होता. निप्सी जन्मायच्या आधीच त्यातले मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. गिरण्या बंद झाल्यावर लालबाग-परळच्या पोरांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की तिथे त्या पोकळीत क्रॅक नावाचं कोकेनचं स्वस्त रूप आणि बंदुका शिरल्या. 1992 च्या एप्रिलमध्ये, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटल्यावर शहर पेटलं आणि साठहून अधिक माणसं गेली, तेव्हा हा मुलगा सहा वर्षांचा होता.

अकराव्या वर्षी तो बूटपॉलिश करत होता. एका जोडामागे अडीच डॉलर, आणि दिवसाला शंभर जोड करायचं मनाशी धरलेलं. त्या पैशातून शाळेचे कपडे घ्यायचे. ही आठवण त्यानेच पुढे सांगितली आहे. मला त्यातला शंभराचा आकडा महत्त्वाचा वाटतो. पुढच्या आयुष्यात तो सतत असे आकडे समोर ठेवून चालताना दिसतो.

हॅमिल्टन हायस्कूल त्याने मध्येच सोडलं, चौदाव्या वर्षी घरही सोडलं आणि ‘रोलिन सिक्स्टीज’ या टोळीत गेला. क्रिप्स या मोठ्या टोळीचीच ही स्थानिक शाखा. हे त्याने कधी लपवलं नाही, मुलाखतींत नाही आणि गाण्यांत तर नाहीच. ‘निप्सी हसल’ हे नावही गल्लीतल्या ओळखीच्या माणसाने ठेवलेलं, निप्सी रसेल या जुन्या विनोदी कलावंताच्या नावावरून केलेली कोटी. हसल म्हणजे पोटासाठी केलेली खटपट, सरळही आणि वाकडीही. त्याच्या बाबतीत सुरुवातीला दोन्ही होती.

2004 साली वडील दोन्ही मुलांना घेऊन एरिट्रियाला गेले. निप्सी तेव्हा एकोणिशीच्या उंबरठ्यावर होता. तीन महिने तो तिथे राहिला. इथिओपियाविरुद्ध तीस वर्षं लढून, 1993 मध्ये सार्वमत घेऊन स्वतंत्र झालेला हा देश. लॉस एंजेलिसमध्ये पोलीस, घरमालक, दुकानदार, सगळे परके. इथे मात्र हातगाडीवाल्यापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळे आपल्यासारखे दिसणारे. आपली माणसं आपल्या जागेची मालक असू शकतात, हे त्याने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर आपण बदललो होतो, असं तो नेहमी सांगत असे. त्या देशाची दुसरी बाजूही आहे: स्वातंत्र्यानंतर तिथे राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही, आणि हजारो तरुण देश सोडून पळालेत. पण तीन महिन्यांच्या मुक्कामात त्या मुलाने जे उचललं ते खरं होतं, आणि त्याला ते आयुष्यभर पुरलं.

2005 मध्ये ‘स्लॉसन बॉय, व्हॉल्यूम 1’ ही पहिली मिक्सटेप आली. मिक्सटेप म्हणजे अल्बमच्या आधीची पायरी. कंपनीशिवाय स्वतःच मुद्रित करायची, वाटायची किंवा विकायची. ही विक्री स्लॉसन अव्हेन्यू आणि क्रेनशॉ बुलेव्हार्डच्या चौकात चालायची. तिथे बैठ्या दुकानांची एक रांग आहे आणि समोर उघडं पार्किंग. त्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून सीडी काढायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठायचं. पोलीस हटकायचे, हुसकावायचे. पोरं पुन्हा यायची.

ही पद्धत त्याने शोधलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या हिपहॉपमध्ये तिची जुनी परंपरा आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ओकलंडमध्ये टू शॉर्ट हा रॅपर स्वतः भरलेल्या कॅसेट विकत फिरायचा. व्हॅलेहोच्या ई-फोर्टीने नातेवाइकांना हाताशी धरून स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं. रिचमंडमध्ये मास्टर पीने आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या दहा हजार डॉलरांतून रेकॉर्डचं दुकान टाकलं, त्यातून ‘नो लिमिट’ हे लेबल उभं केलं आणि नव्वदच्या दशकात मोठ्या कंपनीशी वितरणाचा करार करतानाही मास्टर स्वतःकडे ठेवले. आपली वाट नवी नाही, हे निप्सी जाणून होता.

तरीही पहिल्या मोठ्या संधीला तो गेलाच, आणि त्यात नवल नाही. ‘बुलेट्स एन्ट गॉट नो नेम’ या मिक्सटेपमालिकेने 2008 मध्ये त्याचं नाव शहराबाहेर नेलं. एपिक रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीशी करार झाला. पहिल्या अल्बमचं नावसुद्धा ठरलं. मग तारखा पुढे ढकलल्या जाऊ लागल्या आणि तो अल्बम कधी बाहेर आलाच नाही. 2010 मध्ये निप्सी कंपनीतून मोकळा झाला. पंचविशीतला रॅपर, गाजायला लागलेलं नाव आणि पाठीशी कंपनी नाही. अशा ठिकाणी बरेच जण संपतात. त्याने ‘ऑल मनी इन’ हे आपलं लेबल पुढे आणलं आणि त्याच वर्षी 21 डिसेंबरला ‘द मॅरेथॉन’ ही मिक्सटेप फुकट दिली. या नावातच त्याने स्वतःला गती नेमून दिली होती. लांब पल्ला आहे, धाप लागेल, थांबायचं नाही.

फुकट वाटायचं तर पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर त्याला एका पुस्तकात सापडलं. फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलने चीजस्टेक हे तिथलं साधं, रस्त्यावर मिळणारं सँडविच शंभर डॉलरला विकायला काढलं आणि त्याची गावभर चर्चा झाली, ही त्यातली गोष्ट. निप्सीने हिशेब मांडला. 8 ऑक्टोबर 2013 रोजी ‘क्रेनशॉ’ ही मिक्सटेप इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवली आणि सीडीच्या फक्त 1000 प्रती काढल्या, एकेकीची किंमत 100 डॉलर. लोकांनी वेड्यात काढलं. एका दिवसात सगळ्या प्रती संपल्या. त्यातल्या शंभर जे-झी या नामांकित रॅपरने एकट्याने घेतल्या, म्हणजे रोख दहा हजार डॉलर. पुढच्या वर्षीच्या शेवटच्या दिवशी आलेल्या ‘मेलबॉक्स मनी’ला त्याने 100 प्रतींसाठी हजार-हजार डॉलर लावले.

याकडे निव्वळ विक्रीची युक्ती म्हणून पाहणं मला पटत नाही. ऐकायला पैसे नाहीत त्याला दार उघडं होतं. ज्याला या माणसाच्या मागे उभं राहायचंय, त्याने ऐपतीप्रमाणे मोजावेत. आपल्याकडे सप्ताहात पंगत सगळ्यांना असते आणि पावती ज्याची त्याने आपल्या मनाने फाडायची असते, तसंच हे. आणि हजार प्रतींचे लाखभर डॉलर आले ते उचल म्हणून आलेले नव्हते. ते कुणाला परत करायचे नव्हते.

या काळात थोरल्या भावाचं काम पडद्यामागे सुरू होतं. सॅमिएलने त्याच बैठ्या दुकानांच्या रांगेत गाळा घेऊन टीशर्ट विकायला सुरुवात केली होती. एकाचे दोन, दोनाचे तीन असे त्या रांगेत दोघा भावांचे उद्योग वाढत गेले. 17 जून 2017 रोजी तिथे ‘मॅरेथॉन क्लोदिंग’ हे दुकान थाटात उघडलं. टीशर्टवर फोन धरला की त्याच्याशी जोडलेलं गाणं किंवा व्हिडिओ लागायचा. 2018 च्या फेब्रुवारीत जवळच ‘व्हेक्टर नाइन्टी’ ही जागा सुरू झाली, वस्तीतल्या नवउद्योजकांना बसायला आणि पोरांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला.

त्याच महिन्यात, 16 तारखेला, त्याचा पहिला अधिकृत अल्बम ‘व्हिक्टरी लॅप’ आला. पहिल्या मिक्सटेपनंतर तब्बल तेरा वर्षांनी. या वेळी अटलांटिक ही मोठी कंपनी सोबत होती, पण भागीदार म्हणून. अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर दाखल झाला आणि ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. एप्रिलमध्ये तो घरच्यांबरोबर पुन्हा एरिट्रियाला गेला. पहिल्या वेळी गेला होता तेव्हा त्याच्या नावावर एक मिक्सटेपही नव्हती.

स्लॉसन-क्रेनशॉच्या चौकातल्या त्या रांगेत आतापर्यंत दोघे भाऊ भाडेकरू होते. 2019 च्या सुरुवातीला निप्सीने भागीदारांना सोबत घेऊन ती अख्खी जागा विकत घेतली. दुकानं, आणि दुकानांसमोरचं ते पार्किंगही.