हरवलेले चित्रपट (बडोदे संस्थानाच्या विशेष संदर्भासह)

ज्या चित्रपटाची निगेटिव्ह वा एकही प्रिंट कोणत्याही ज्ञात संग्रहात नाही, तो हरवलेला चित्रपट. काही रिळे उरली असल्यास त्याला अंशतः उपलब्ध म्हणतात. छायाचित्रे, जाहिराती व गाण्यांची पुस्तिका मागे राहिली, तरी चित्रपट उरला असे धरत नाहीत. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यांत उरलेले तीसच्या आत भरतात. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ (1912), फाळक्यांचा ‘मोहिनी भस्मासुर’ (1913), बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ (1920) आणि पहिला बोलपट ‘आलम आरा’ (1931) हे सारे गेले.

नाशाची कारणे : सुमारे 1951 पर्यंत 35 मिमी फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. हा पदार्थ जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, म्हणून पेटलेले रीळ पाण्यात बुडवूनही विझत नाही. आग लागली नाही तरी बंद डब्यात त्याचे विघटन चालूच राहते. त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनते आणि चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ पडतो. प्रथम चित्र पिवळट होऊन विरते, मग वेटोळी एकमेकांना चिकटतात, पृष्ठभागावर फोड व फेस येतो आणि अखेरीस डब्यात तपकिरी भुकटी राहते. डबा घट्ट असेल तर वायू आत कोंडून कूज वेगाने वाढते. कुजत चाललेले रीळ सुमारे 41° से. तापमानात बराच काळ राहिल्यास आपोआप पेटू शकते. बडोद्यात मे महिन्यात पारा याच्याही वर जातो. पुढे आलेली अ‍ॅसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ तशी पेटत नाही, पण उष्ण-दमट हवेत तिला व्हिनेगरचा वास सुटतो व ती आखडते. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे मोठ्या संख्येने नष्ट झाली.

रसायनाइतकाच दोष व्यवहाराचा आहे. खेळ संपले की प्रिंटला किंमत उरत नसे. तिच्यातील चांदीला मात्र असे. ‘आलम आरा’ची उरलीसुरली रिळे चांदीसाठी मोडीत गेली, असे संग्रहालयाचे संस्थापक-अभिरक्षक पी. के. नायर यांनी सांगितले आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात छापील पुस्तकाची प्रत सरकारकडे देण्याचे बंधन 1867 पासून होते. 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रपटांना प्रमाणपत्र लागू केले, परंतु प्रत जपण्याची तरतूद त्यात नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते एवढ्या मोठ्या हानीचे मूळ आगीपेक्षा इथे अधिक आहे.

फाळके, बडोदे व रिळांचा वाद : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1890 मध्ये बडोद्यास कलाभवन काढले, रसायनतज्ज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. दादासाहेब फाळके येथे चित्रकला व छायाचित्रण शिकले. त्यांचा चित्रकलेचा अभ्यासक्रम 1890 मध्येच पूर्ण झाल्याचे काही चरित्रांत येते. संस्थेच्या स्थापनेचे वर्षही तेच असल्याने हा काळ 1890 नंतरच्या तीन-चार वर्षांपर्यंत ताणणे सयुक्तिक वाटते.

‘राजा हरिश्चंद्र’ (1913) चार रिळांचा, सुमारे 3700 फुटांचा होता. त्याची म्हणून जपलेली रिळे दोन, पहिले व शेवटचे, मिळून सुमारे 1475 फूट आहेत. चित्रपटाची लांबी पुष्कळ ठिकाणी 40 मिनिटे छापली जाते. ती बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला 24 चित्रांच्या गतीने काढलेली दिसते. मूकपटाच्या 16 चित्रांच्या गतीने 3700 फुटांना तासभर लागतो. अधिक कठीण प्रश्न रिळांच्या ओळखीचा आहे. मूळ प्रिंट प्रवासात जळाल्यामुळे फाळक्यांनी 1917 मध्ये हाच चित्रपट पुन्हा चित्रित केला, अशी हकीकत आहे. उरलेली रिळे या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे वीरचंद धरमशी यांच्यासह काही संशोधक मानतात. परंपरागत मत ती 1913 ची समजते. येथे पहिले मत अधिक संभाव्य धरले आहे. ते मान्य केल्यास 1913 चा चित्रपट हरवलेल्यांच्या यादीत घालावा लागतो.

संस्थानी ग्रंथालयातील चित्रपट : अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांच्या देखरेखीखाली 1910 पासून उभ्या राहिलेल्या बडोद्याच्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या (काचेवरचे चित्र पडद्यावर पाडणाऱ्या दिव्याच्या) काचा, स्टीरिओस्कोपची (दोन चित्रांतून खोलीचा भास देणाऱ्या यंत्राची) चित्रे आणि सिनेमाचे यंत्र घेऊन ती खेडोपाडी खेळ करी. खात्याचे प्रमुख जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्या कारकिर्दीत या कामाला चांगला आकार आला. याच राज्याने संस्कृत हस्तलिखितांसाठी 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्थापून एकेक पोथी सूचीत आणली. चित्रपटाला तो मान कोठल्याच संस्थानात मिळाला नाही, ही मोठी खंत आहे. शैक्षणिक लघुपट सूचिकारांच्या नजरेतून नेहमीच सुटतात. वरील 1300 चा आकडा मुख्यतः कथापटांचा आहे.

पुनःप्राप्ती : हरवल्याचा निर्वाळा कायमचा नसतो. कलकत्त्याचा ‘बिल्वमंगल’ (1919) पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेझमध्ये निघाला व 2016 मध्ये त्याचा 594 मीटरचा भाग पुण्यास आला. असे तुकडे बहुधा परदेशी संग्रहांत, चुकीच्या नावाच्या डब्यांत किंवा वितरकांच्या वारसांकडे सापडतात. जुने रीळ हाती आल्यास ते यंत्रावर चढवू नये. डबा थंड, हवेशीर जागी ठेवून संग्रहालयाला कळवावे.