स्लग झाडणाऱ्या शॉटगनवर माशी, लाल ठिपका की दुर्बीण?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी अशा दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीला नेहमीची रायफल चालत नाही, कारण तिची हुकलेली गोळी फार लांब जाते. तिथे शॉटगनमधून छर्‍यांऐवजी एकच जड गोळी झाडतात. तिला स्लग म्हणतात. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार हा गुन्हा आहे. इथलं सगळं तिकडच्या परवानाधारक शिकारीबद्दल.) बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिमी, नेहमीचा स्लग २८ ग्रॅमचा. अडचण एवढीच की ही बंदूक उडत्या पक्ष्यावर छर्‍यांचा फवारा मारायला घडवलेली आहे, एकाच गोळीचा काटेकोर नेम धरायला नाही.

साध्या शॉटगनच्या टोकाला एक छोटी माशी (नेम धरायचा मणी) असते आणि मागे काहीच नसतं. मागच्या खाचेचं काम तुमचा डोळा करतो. डोळ्यापासून माशी ९० सेमीवर असेल आणि गाल दस्त्यावर फक्त ३ मिमी उंच टेकला, तर ५० मीटरवर गोळी सुमारे १७ सेमी वर लागते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेमीचा. म्हणजे मधोमध धरलेला नेमही हुकला, किंवा त्याहून वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन पळालं. शिवाय ४ मिमीची माशी त्या अंतरावर २२ सेमी भाग झाकून टाकते. नुसत्या माशीवर ३०-३५ मीटरपलीकडे जाऊ नये.

पुढची निवड नळीवर ठरते. गुळगुळीत नळीतून फॉस्टर स्लग (मऊ शिशाचा, मागून पोकळ स्लग) झाडत असाल तर अचूकता ५० ते ७५ यार्डांपर्यंतच पुरते. तिथे लाल ठिपका, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणारी साइट, उत्तम: डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी ठिपका जवळपास निशाणावरच राहतो आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. ४ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका ५० मीटरवर ६ सेमीच झाकतो. संध्याकाळी मात्र प्रकाश कमी करा, नाहीतर ठिपक्याच्या झगमगाटात हरीणच दिसत नाही. डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असल्यास ठिपका फाटलेला दिसतो. अशांना मागे गोल भोक असलेली पीप साइट बरी.

आतून पिळाचे चर असलेली नळी आणि सॅबो स्लग (प्लास्टिकच्या वेष्टनातली गोळी; वेष्टन नळीबाहेर गळून पडतं) असेल तर १०० यार्डांच्या पुढेही नेम लागतो, आणि मग दुर्बीण हवी. इथे लोक हमखास जास्त पॉवरची घेतात, आणि ती झाडीत नडते. ९ पटीच्या दुर्बिणीतून १०० मीटरवर जेमतेम ४ मीटर रुंदी दिसते, २५ मीटरवर एकच मीटर. समोर नुसती तपकिरी कातडी. १ ते ४ किंवा २ ते ७ पट पुरे. जाहिरातींत पॅरॅलॅक्सचा (डोळा हलला की नेम सरकलेला दिसण्याचा) फार गाजावाजा असतो, पण १०० यार्डांवर जुळवलेल्या ४० मिमी दुर्बिणीत ५० यार्डांवर ती चूक जास्तीत जास्त १ सेमी येते. त्याहून आधी आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसायला डोळा दुर्बिणीपासून किती लांब हवा ते अंतर, पाहा. तो किमान ९ ते १० सेमी हवा, कारण स्लगच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे माउंट, म्हणजे दुर्बीण बंदुकीवर बसवायची बैठक. बऱ्याच पंप शॉटगनची (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायच्या बंदुकीची) नळी काढता-घालता येते आणि रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागात, किंचित हलते. दुर्बीण रिसीव्हरवर बसवली तर नळी एकीकडे आणि नेम दुसरीकडे. म्हणून नळीलाच जोडलेली आणि मागे रिसीव्हरवर अधांतरी येणारी कॅन्टिलिव्हर पट्टी घ्या. स्क्रूचे आटे स्पिरिटने पुसा, बेसच्या (खालच्या पट्टीच्या) स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि दुर्बीण धरणाऱ्या रिंगचे स्क्रू सुमारे २ न्यूटन-मीटरनेच आवळा. जास्त आवळलं की दुर्बिणीची नळी चेपते.

नेम जुळवताना सुरुवात २५ यार्डांवर करा. तीन गोळ्या झाडा आणि त्यांच्या मध्यावरून बदल करा. दुर्बिणीच्या चकतीच्या पाव एमओएच्या एका क्लिकने १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकतो, पण २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भागच. तिथे एक इंचासाठी १६ क्लिक लागतात. मग फॉस्टर ५० यार्डांवर पक्का करा. १०० यार्डांवर तो साधारण १५ सेमी खाली लागेल. दर तीन गोळ्यांनंतर नळी थंड होऊ द्या. स्लगची कंपनी किंवा वजन बदललं की हे सगळं पहिल्यापासून, कारण एकाच नळीतून दोन जातींचे सॅबो क्वचितच एकाच जागी लागतात.