वाचोपचार, प्रौढ मेंदूविकारग्रस्तांचे (नागपूर)

पक्षाघात, डोक्याला झालेली इजा, मेंदूतील गाठ, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे प्रौढ माणसाचे बोलणे, समजणे, वाचणे वा लिहिणे बिघडते, तेव्हा ते शक्य तितके परत मिळवून देण्यासाठी आणि जे परत येणार नाही त्याला पर्याय उभा करण्यासाठी केल्या जाणाऱ्या पद्धतशीर उपचारांना वाचोपचार म्हणतात. व्यवहारात 'स्पीच थेरपी' हेच नाव रूढ आहे.

उपचारांआधी बिघाड नेमका कशात आहे हे ठरवावे लागते. वाचाघातात, म्हणजे अफेझियात, भाषाच विस्कटते; लकवा झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांत तो आढळतो. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये वर्णिलेला रुग्ण 'टॅन' एवढेच उच्चारू शके, परंतु दुसऱ्याचे बोलणे त्याला बरेचसे समजत असे. उलट जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेल्या प्रकारात रुग्ण घडाघडा बोलतो, पण त्यात अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. डिसार्थ्रियात भाषा शाबूत राहून ओठ, जीभ व स्वरयंत्राचे स्नायू दुबळे किंवा बेताल होतात. अप्रॅक्सियात स्नायूंत जोर असतो, पण उच्चारासाठी त्यांच्या हालचालींची जुळणी मेंदूला साधत नाही. वाचाघाताच्या रुग्णाची बुद्धी सहसा शाबूत असते, तरी नातेवाईक त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडून बोलतात. उपचारतज्ज्ञाला पहिल्या भेटीत अनेकदा घरच्यांचीच समजूत घालावी लागते.

नागपुरातील 'मेडिकल' व 'मेयो' ही शासकीय रुग्णालये, मिहानमधील एम्स आणि रामदासपेठ व धंतोली भागांतील रुग्णालयांत विदर्भाबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी, बालाघाट येथूनही रुग्ण येतात. त्यामुळे उपचार कोणत्या भाषेत करावा, हा प्रश्न येथे रोजचा आहे. घरी वऱ्हाडी, बाजारात हिंदी आणि कचेरीत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी असा एकाच माणसाचा व्यवहार असतो. आधी शिकलेली भाषा अधिक टिकते असा नियम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांच्या नावे सांगितला जातो, तर आजारापूर्वी सर्वाधिक वापरात असलेली भाषा आधी परतते असे फ्रेंच वैद्य पीत्र यांनी १८९५ मध्ये मांडले. प्रत्यक्षात बहुतेकदा सर्व भाषा बरोबरीनेच सुधारतात आणि दोन्ही नियमांना अपवाद पुष्कळ. तपासणीत बोलीचे भान सुटले तर मात्र निदानच चुकते. 'डोळा'ऐवजी 'डोया', 'मला'ऐवजी 'मले' किंवा 'करतो आहे'ऐवजी 'करून राहिला' हे वऱ्हाडी माणसाचे सरळ बोलणे आहे, दोष नव्हे. म्हणून आजारापूर्वी रुग्ण कसा बोलत असे, हे घरच्यांना विचारल्याशिवाय चूक मोजू नये.

शब्द ओठावर येऊन अडत असेल, तर त्याच्याभोवतीचा अर्थ जागवतात. संत्र्याचे चित्र दाखवल्यावर रुग्ण 'ते... ते...' म्हणत थांबला, तर ते कुठे मिळते, कसे सोलतात, चव कशी लागते असे विचारत नेतात, आणि तरीही अडलेच तर 'सं' एवढा पहिला ध्वनी पुरवतात. ज्याला एक वाक्य जुळवता येत नाही, तो वार, पाढे, आरती किंवा बुद्धवंदना मात्र अनेकदा सलग म्हणतो. पाठ असलेल्या या वाणीचा आणि लयीचा उपयोग करून नेहमीची छोटी वाक्ये बसवता येतात. १९७३ मध्ये मांडलेली सुरावटीची उपचारपद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे. कंपवातात आवाज बसतो, पण रुग्णाला तो पुरेसा मोठाच वाटतो. त्यासाठीच्या ली सिल्व्हरमन पद्धतीत आठवड्यातून ४ दिवस, रोज एक तास, असा ४ आठवडे मोठ्या आवाजाचा सराव घेतात. गिळण्याचा त्रासही याच तज्ज्ञाच्या कक्षेत येतो: पातळ पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असल्यास पेय दाट करून देतात.

लकव्यानंतर सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, परंतु त्यानंतरही सुधारणा होत राहते. सहा महिने उलटले म्हणून उपचार थांबवणे चुकीचे आहे. आठवड्यातून एकदा बालाघाटहून येणाऱ्याला हा सराव पुरत नाही, म्हणून घरातील एका व्यक्तीला तो शिकवून ठेवावा लागतो: लहान वाक्ये बोलणे, हो-नाहीत उत्तर देता येईल असे विचारणे, पाटी किंवा चित्रांचा तक्ता हाताशी ठेवणे आणि रुग्णाचे वाक्य आपणच पुरे न करता थांबणे.

भारतात हा व्यवसाय करण्यासाठी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. हातापायांना काहीच न झालेल्या रुग्णाला याचा विशेष उपयोग होतो, कारण त्याची अडचण पाहणाऱ्याला दिसत नाही. दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरल्यास त्या कायद्यातील उच्च शिक्षणातील आरक्षणासारख्या तरतुदींना तो पात्र होतो.